हाड खाणारे अन हाड बांधणारे एकमेकाले सांगते कसे? (आईच्या इंजेक्शनवरून पडलेला प्रश्न)

पऱ्हाटीवाला · शनिवार, रात्री 9:14

राम राम मंडळी. प्रश्न जरा लंबा आहे, वेळ असन तं वाचा.

मागच्या पावसाळ्यात आमची आई गोठ्यात घसरली. शेणावरून पाय सरकला अन हात टेकला, बस एवढंच, उंचावरून पडली नाई का बैलानं मारलं नाई. मनगट मोडलं. प्लास्टर झालं, दीड महिन्यानं निघालं, हात बरा झाला. पण डॉक्टरले शंका आली म्हून त्यानं वर्धेले पाठवलं हाडाची घनता मोजाले, थ्या मशिनीवर झोपवते अन कागद देते थे. कागदावर टी-स्कोर उणे 3.1 आला. डॉक्टर म्हणे हाडं विरळ झाले, आता दर सहा महिन्याले एक इंजेक्शन घ्या चामडीखाली, अन एक गोष्ट त्यानं तीनदा सांगितली, का तारीख चुकवू नका. पहिलं फेब्रुवारीच्या आखरीले झालं.

मी इचारलं हे इंजेक्शन करते काय, तं म्हणे हाड खाणाऱ्या पेशी थांबवते. आता आई तवापासून माह्या मागं लागली, माह्या अंगात हाड खाणारे किडे आहे काय रे. मी काय सांगू? मलेच समजून नाई राहिलं. आपलंच हाड खाणाऱ्या पेशी आपल्याच अंगात कायले ठेवल्या देवानं? अन मोडलेलं हाड जुळलं थे कोणं जुळवलं, त्याले कोणं सांगितलं का बाबा मनगटात मोडलं, तिकडं जा? अन तारीख चुकली तं एवढं काय बिघडते? कोणाले माहीत असन तं साध्या भाषेत सांगा, गूगलवरचं मराठी वाचून डोकं दुखलं.

बंडू_अकोट · रात्री 9:31

भाऊ आधी आईले आराम पडो. बाकी तू सांगतो त्यावरून हे आपल्या रस्त्याच्या ठेकेदारासारखं दिसून राहिलं, एक जण चांगला रस्ता उखडून ठेवते अन बुजवणारा दुसराच असते, थो दिवाळीपर्यंत येत नाई 😂

जीवशास्त्रवाली_मास्तरीण · रात्री 10:05

बंडूभाऊ तुम्ही गमतीत बोललात पण बरंच बरोबर बोलून गेलात, त्यावर नंतर येते.

दादा, आधी आईंना सांगा किडे नाहीत, त्यांच्याच रक्तातून आलेल्या पेशी आहेत. मी वणीकडे ज्युनिअर कॉलेजला शिकवते. आमच्या लॅबमधे हाडाची एक स्लाइड आहे, चकती घासून घासून कागदापेक्षा पातळ केलेली, दरवर्षी पोरांना दाखवते. मधे एक भोक दिसतं, रक्तवाहिनीचं, अन त्याच्याभोवती गोल गोल थर, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तसे. थरांच्या मधे काळे ठिपके. पोरं दरवर्षी तेच म्हणतात, मॅडम स्लाइड खराब झाली. मग मी मोठी लेन्स लावते अन म्हणते आता बघा, तर तो ठिपका नसतो, कोळी असतो, चहूबाजूला पाय पसरलेला, अन एकाचे पाय दुसऱ्याच्या पायाला जाऊन भिडलेले. ती पेशीची रिकामी खोली आहे. जिवंत हाडात तिथं ऑस्टिओसाइट राहते, अन ते पाय म्हणजे केसाहून बारीक नळ्या, त्यातून ती शेजारणीला धरून असते.

आपण पुस्तकात तीन पेशी शिकतो, खाणारी ऑस्टिओक्लास्ट, बांधणारी ऑस्टिओब्लास्ट, अन ही आत बसलेली ऑस्टिओसाइट. परीक्षेत पहिल्या दोघींवर प्रश्न येतो, तिसरीवर कोणी विचारत नाही, कारण कितीतरी वर्षं लोकांना वाटायचं ही म्हातारी पेशी आहे, काम संपलं, बसली कोपऱ्यात. पण मोठ्या माणसाच्या हाडातल्या पेशी मोजल्या तर शंभरातल्या नव्वदच्या वर याच असतात. अख्ख्या सांगाड्यात सुमारे 4200 कोटी, असा एक हिशोब आहे. एवढ्या जणी नुसत्या बसायला कशाला ठेवील शरीर?

तर आपण चालतो, वाकतो, डोक्यावर मोळी घेतो, त्यानं हाडाला नजरेला न दिसणारे तडे जातच असतात. तडा गेला की त्या नळ्या तुटतात अन तिथली ऑस्टिओसाइट मरते. आजूबाजूच्या जिवंत असतात त्या हाक मारतात. ती हाक ऐकून रक्तातल्या बारक्या पेशी तिथं जमतात, एकमेकीत मिसळून एक मोठी पेशी होते, तिच्यात पाच-दहा तरी केंद्रकं, ती हाडाला तोंड लावून चिकटते, कडा सीलबंद करते अन आत आम्ल सोडते. आम्लानं कॅल्शियम विरघळतं, अन मागं जो चिवट भाग उरतो तो कॅथेप्सिन-के नावाचं एन्झाइम कापतं. साधारण तीनेक आठवडे हे खोदकाम चालतं. मग ती हटते अन बांधणाऱ्या येतात, त्यांना तोच खड्डा भरायला तीन-चार महिने लागतात.

म्हणजे बंडूभाऊ, उखडायला तीन आठवडे अन बुजवायला चार महिने, तुमचा ठेकेदार बसला की नाही इथं.

पऱ्हाटीवाला · रात्री 10:40

ताई लय सोपं करून सांगितलं. म्हणजे हे मातीच्या भितीसारखं झालं. आमच्या जुन्या घराले दरसाल दिवाळीच्या आधी छबाई करा लागे, पण नवी माती तशीच थापली तं पोपडे धरते, आधी जुनी फुगलेली माती खरडून काढा लागे मंग थापा लागे. आई खरडे अन मी पोट्टा होतो, गारा तुडवो. खरडणाराही आपलाच अन थापणाराही आपलाच. हे आईले सांगतो, तिले बरोबर समजन.

पण घरी तं आईले डोळ्यानं दिसे का इथं माती फुगली. हाडाच्या आत कोणाले दिसते?

जीवशास्त्रवाली_मास्तरीण · रात्री 10:58

छबाईचं फार छान सांगितलंत, पुढच्या वर्षी वर्गात वापरणार, विचारूनच वापरते 🙂

कोणाला दिसतं याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. ऑस्टिओसाइट कुठून येते माहितीये? ती आधी बांधणारीच असते. भिंत बांधता बांधता काही जणी स्वतःच त्या मालात गाडल्या जातात, आजूबाजूनं कॅल्शियम घट्ट होतं, अन मग पाय फुटतात त्यांना. म्हणजे ज्या गवंड्यानं भिंत उभी केली त्यातलाच एक भिंतीत राहिला अन आता तोच आतून सांगतो, इथं खरडा, इथं थापा, इथं पुरे. डोळे नाहीत त्याला, पण हाडावर भार पडला की त्या बारीक नळ्यांतलं पाणी हलतं, ते त्याला कळतं. त्या कितीतरी वर्षं, अगदी दशकंही जगतात तशाच आत बसून.

वाशिमचा_पोट्टा_पुण्यात · रविवार, सकाळी 7:20

मी याच विषयाच्या जवळपास पीएचडी करतोय (संपेल कधीतरी), रात्री झोपलो होतो म्हणून उशीर. मास्तरीणबाई बरोबर सांगून राहिल्या, मी फक्त ती "हाक" म्हणजे काय ते सांगतो कारण आईचं इंजेक्शन नेमकं तिथंच बसते.

हाकेचं नाव रँक-एल. हे एक प्रथिन आहे, ऑस्टिओसाइट अन बांधणाऱ्यांच्या गोतावळ्यातल्या पेशी ते आपल्या अंगावर बाहेर काढून धरतात, आणि खाणाऱ्याच्या लेकरावर, म्हणजे अजून मोठ्या न झालेल्या पेशीवर, त्याला बसणारा रँक नावाचा खाचा असतो. किल्ली खाच्यात बसली की ती लेकरं एकत्र येऊन खाणारी मोठी पेशी तयार होते. किल्ली नाही तर खाणारी नाही, इतकं सरळ. ज्या उंदरात हे जनुकच काढून टाकलं त्यांच्यात ऑस्टिओक्लास्ट तयारच झाल्या नाहीत, हाडं दगडासारखी भरीव झाली आणि दात हिरडीच्या बाहेरच आले नाहीत, कारण दाताला वाट करून द्यायलाही हाड खावं लागते. तर भाऊ, देवानं कायले ठेवल्या याचं एक उत्तर हे घे.

आता गंमत अशी की जी बांधणारी किल्ली काढते तीच एक खोटा खाचाही बाहेर सोडते, त्याचं नाव ओपीजी. तो नुसता फिरत राहतो, किल्ली त्यात अडकते आणि खऱ्या खाच्यापर्यंत जातच नाही. म्हणजे बोलावणंही तीच देते आणि बोलावण्यावर हातही तीच ठेवते, आणि किती खोदायचं ते या दोघांच्या प्रमाणावर ठरते. हा ओपीजी 1997 मधे सापडला, अमेरिकेतल्या एका औषध कंपनीला आणि जवळपास त्याच वेळी जपानात. जपानात कोणाला माहितीये काय, दुधाच्या कंपनीला! स्नो ब्रँड म्हणून दूध-लोणीवाले, त्यांच्या संशोधन विभागाला. अमेरिकेवाल्यांना तर आधी माहीतच नव्हतं हे प्रथिन करते काय, त्यांनी उंदरात जास्तीचं तयार करवलं आणि एक्स-रे काढला तर हाडं पांढरीफटक घट्ट दिसली.

आईचं इंजेक्शन सहा महिन्याचं म्हणता म्हणजे बहुतेक डेनोसुमॅब असेल (डबा पाहून घ्या, मी अंदाजानं बोलतोय). ते 2010 पासून वापरात आहे. ती अँटिबॉडी आहे, ओपीजीचंच काम करते, किल्लीला मिठी मारून बसते.

आणि मास्तरीणबाईंच्या बाजूनं एक पुरावा, 2011 मधे दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरात दाखवलं की मोठ्या वयात पुनर्बांधणीसाठी लागणारी रँक-एल मुख्यत्वे ऑस्टिओसाइटच देते. तोपर्यंत सगळे बांधणाऱ्या पेशीकडे बोट दाखवत होते. म्हणजे कोपऱ्यात बसलेली म्हातारीच घर चालवत होती.

बंडू_अकोट · सकाळी 8:02

आमच्या घरी हे कोण्या उंदरावर प्रयोग न करताच माहीत आहे. आजी खाटेवरून उठत नाई पण कोणतं वावर ठोक्यानं द्याचं थे तीच ठरवते.

बरं पोट्ट्या, खोदणारा झाला बोलावून. बुजवणाऱ्याले कोण सांगते का चाल आता, तुही पाळी?

वाशिमचा_पोट्टा_पुण्यात · सकाळी 8:45

हाच प्रश्न मोठा आहे आणि याचं एकच उत्तर नाही, बरेच निरोप एकत्र जातात. मला सगळ्यात भारी वाटते तो सांगतो. बांधणाऱ्या पेशी हाड बांधतानाच त्या मालात टीजीएफ-बीटा, आयजीएफ असे निरोप कुलूपबंद करून ठेवतात. दहा-दहा वर्षं ते तसेच पडून राहतात. खाणारी पेशी आम्ल सोडून हाड विरघळवते तेव्हा कुलूप निघते, निरोप मोकळा होते, आणि बांधणाऱ्यांच्या लेकरांना त्या खड्ड्याकडे ओढून आणते. भाऊच्या छबाईत सांगायचं तर थापताना मातीत चिठ्ठी ठेवली, आणि खरडणाऱ्यानं खरडली की चिठ्ठी खाली पडली, त्यावर लिहिलंय की इथं पुन्हा थापा. म्हणजे खाल्ल्याशिवाय चिठ्ठी निघतच नाही. म्हणून हे इंजेक्शन दिलं की खाणं तर थांबतेच पण काही दिवसानं बांधणंही मंदावते. दोघं एका जुवाले जुंपलेले, एक बैल बसला की दुसरा कुठं जाईल.

शिवाय खाणारी पेशी स्वतःही काही रसायनं सोडते, आणि दोघी अंगाला अंग लागून असल्या तर एफ्रिन नावाच्या प्रथिनांतून दोन्हीकडे एकदमच इशारा जाते, खाणारीला थांब आणि बांधणारीला चल.

कांडवेल_काका · सकाळी 9:30

तुमचं चालू द्या पण आमच्याकडं हाड मोडलं की कांडवेलीचा लेप अन वरून बांबूच्या कामट्या, हाडवैद्य बांधून देत. माझा स्वतःचा पाय 1978 साली तसाच बसवला, आज 70 व्या वर्षी मी वावरात जातो. तिले हाडसांधी म्हणतात ते उगाच नाही. अन दुसरं, नुसतं दूध-नाचणी खा, कॅल्शियम भरलं की हाड भरलं, एवढ्या भानगडी कशाला.

जीवशास्त्रवाली_मास्तरीण · सकाळी 10:12

काका नमस्कार. कांडवेलीवर काही अभ्यास झालेत, मी तिला नावं ठेवत नाही, पण तुमचा पाय जुळला त्यात निम्म्याहून जास्त श्रेय कामट्यांना, कारण हाड हलू न देणं हीच मोठी गोष्ट असते. मोडल्यावर आधी तिथं रक्त साकळतं, मग मऊ कूर्चा तयार होते, मग तिचं हाड होतं, अन ते पहिलं हाड म्हणजे घाईत मारलेला गिलावा असतो, गाठ लागते हाताला. पुढं कितीतरी महिने हे खाणारे-बांधणारे मिळून ती गाठ तासून जुना आकार आणतात. तुमच्या पायाला आता गाठ लागत नसेल तर ती यांनीच तासली. पण आजच्या दिवसात कामट्या घट्ट बांधून हात काळा पडलेले पेशंटही ऐकले आहेत, तेव्हा एक्स-रे आधी.

कॅल्शियमचं म्हणाल तर ती माती झाली काका. माती लागतेच, पण अंगणात ट्रॉलीभर माती आणून टाकली म्हणून भिंत आपोआप लिंपली जात नाही.

कांडवेल_काका · सकाळी 10:30

गाठ आहे अजून जराशी, नडगीवर. पण बोललात बरोबर.

नलू_आशाताई · दुपारी 1:15

जेवणं झाले आता वाचून राहिली. दोन गोष्टी सांगते मी आशा वर्कर आहे म्हणून.

एक म्हणजे बायकांचं. आमच्याकडं पंचेचाळीसच्या आतच पाळी गेलेल्या बायका लय दिसते मले, पिशवी काढलेल्या तं वेगळ्याच, अन काढताना अंडाशयही काढलं असन तं अजूनच लवकर. थ्या दहा-पंधरा वर्षानं वाकते, उंची कमी होते, म्हणते कंबर गेली. मले ट्रेनिंगमंधी एवढंच सांगितलं होतं का पाळी गेली की हाडं ठिसूळ होते. काऊन होते थे आज समजून राहिलं का, थे हार्मोन त्या किल्लीवर हात ठेवून असते काय?

दुसरं, पुड्या. सांधे दुखते म्हणून गावात एक जण पुड्या दे, नाव नाई घेत, दोन पुड्यात म्हातारं माणूस टुणटुण चाले, तोंड गोल होये, सगळे म्हणत काय हाताले गुण आहे. आमची एक काकू चार वर्षं खात होती. मंग नुसती खोकलली अन पाठीचा मणका दबला. मोठ्या दवाखान्यात सांगितलं का पुडीत स्टेरॉइड होतं.

अन एक उलीसं. आमच्या घरी गावरान कोंबड्या आहे, मी पाहते अंड्यावर असलेली कोंबडी कापली तं तिच्या मांडीच्या हाडात आत भरलेलं असते, कोंबड्याच्या हाडात तसं नसते. याचा याच्याशी काई संबंध आहे का?

वाशिमचा_पोट्टा_पुण्यात · दुपारी 2:04

नलूताई तुम्ही पीएचडीला या, माझ्या जागी बसा.

कोंबडीचं एकदम बरोबर पाहिलं. अंड्यावर आल्यावर कोंबडी नळीच्या पोकळीत एक खास हाड साठवते, इस्ट्रोजेनच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्याच हार्मोनच्या हुकमावरून. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री बनते, तेव्हा पोटात दाणा नसते, मग तिच्या ऑस्टिओक्लास्ट ते साठवलेलं हाड खाऊन कॅल्शियम काढून देतात, दिवसा पुन्हा भरतात. म्हणजे सकाळी खुराड्यात हात घालून आपण अंडं काढतो त्याचं थोडं कवच काल तिच्या मांडीत होतं.

बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन हो, किल्लीवर हातच ठेवून असते. रँक-एल कमी, ओपीजी जास्त, आणि काम झालेल्या खाणाऱ्या पेशी वेळेत मरतील हेही ते पाहते. पाळी गेली की हात निघाला. एकाच वेळी जास्त जागी खोदकाम सुरू होते, खोदणाऱ्या जास्त दिवस जगतात, आणि बुजवणाऱ्या प्रत्येक खड्डा थोडा थोडा कमी भरतात. एका खड्ड्यात काही कळत नाही हो. पण सांगाड्यात एका वेळी दहा लाखाच्या वर जागी हे काम चालू असते, आता करा गुणाकार.

स्टेरॉइड तर सगळ्यात वाईट, ते बांधणाऱ्यांना मारते आणि आत बसलेल्या ऑस्टिओसाइटलाही मारते. म्हणजे सांगणाराच गेला. म्हणून घनता फार कमी दिसत नसतानाही त्या लोकांची हाडं मोडतात. मात्र ज्यांना डॉक्टरनं दम्यासाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी लिहून दिलंय त्यांनी हे वाचून एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकते, डॉक्टरलाच विचारा.

झाडीपट्टीचा_गडी · दुपारी 4:40

चंद्रपूरकडून बोलतो. ताडोब्याच्या बफरमध्ये फिरणारा माणूस मी, चितळाचं शिंग गळून पडलेलं लय वेळा दिसते. ते मोडून पडत नाही, बुडाशी खरबरीत असते, कोणी कोरून काढल्यावानी. वनविभागाच्या एका साहेबानं सांगितलं होतं का आतून हाड खाऊन सोडवते, म्हणजे तेच तुमचे ऑस्टिओक्लास्ट दिसते.

आता खरं बोलाचं ते. आमच्या भागात सिकलसेल घराघरात आहे. माझ्या चुलतभावाचा खुबा तिसाव्या वर्षी गेला. तेव्हा मला वाटे हाड कसं मरते, हाड तं मेलेलंच असते. आता हे वाचून समजते का वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक नळीत अडकते, रक्त बंद होते, आतले राहणारे मरते, अन मंग वरचा गोळा बसते. दुसरं झरी जामणी, केळापूरकडं काही गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, तिथं दात पिवळे अन म्हातारे काठीसारखे ताठ. त्याइचे हाड तं एक्स-रेत जाड दिसते म्हणते, मंग ते मजबूत कायले नाही होत?

जीवशास्त्रवाली_मास्तरीण · संध्याकाळी 6:20

कारण जाड म्हणजे मजबूत नव्हे. फ्लोराइड बांधणाऱ्या पेशींना डिवचत राहतं, अन स्फटिकातही घुसतं. हाड भरपूर होतं पण वीण बिघडलेली, स्नायुबंध अन कण्याच्या कडासुद्धा हाडासारख्या कडक होतात, म्हणून ताठपणा. एकेकाळी डॉक्टरांनाही वाटलं होतं की विरळ हाडांवर फ्लोराइडच द्यावं. 1990 मधे अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला, कण्याची घनता चार वर्षांत 35 टक्के वाढली अन मणके मोडणं काही नीटसं कमी झालं नाही, उलट हातापायाची हाडं जास्त मोडली. आम्हाला पुस्तकात हे कोणी सांगत नाही. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिण्यातून काढाच, बोअर सुटत नसेल तर निदान तपासून घ्या.

तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. मेलेल्या पेशी हाक मारत नाहीत अन रक्तच नाही तर बाहेरून कोणी येणार कसं, म्हणून ती दुरुस्ती रखडते.

फिजिओ_यवतमाळ · रात्री 8:10

उशिरा आलो, पण सगळे औषधावर बोलून राहिले म्हणून लिहितो. मघाशी मॅडमनं "इथं पुरे" म्हटलं न, त्या पुरे म्हणण्याचं नाव स्क्लेरोस्टिन. ऑस्टिओसाइटच ते सोडते अन बांधणाऱ्याइले थांबवते. भार पडला का ते सोडणं कमी, बांधकाम सुरू. खाटेवर पडलं का सोडणं जास्त, बांधकाम बंद. अंतराळवीरांचं कंबर-खुब्याचं हाड महिन्याले एक ते दीड टक्का कमी होते, खाऊन-पिऊन व्यायाम करणारे तरुण लोक आहे ते, फक्त अंगावर वजन नाही.

हे कळलं कसं तं दक्षिण आफ्रिकेत काही आफ्रिकानर (डच वंशाच्या गोऱ्या) घराण्यात लोकांचे हाड इतके वाढे का कवटी जाड होऊन चेहऱ्याची नस दबे, बोटं जुळलेले असत, उंचीही जास्त. 2001 मधे त्याइच्यात सापडलं का स्क्लेरोस्टिनचं जनुकच बिघडलेलं आहे, थांबा म्हणणाराच नाही. त्यावरूनच पुढं स्क्लेरोस्टिन अडवणारं रोमोसोझुमॅब हे औषध आलं, 2019 पासून वापरात, वर्षभरच देते अन महाग आहे.

तर आईले प्लास्टर निघालं म्हणून बसवून ठेवू नका भाऊ. चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, तोल सांभाळाचा व्यायाम. मात्र समोर वाकून जड उचलणं नको, पाण्याचा गुंड तर नकोच, मणका दबते. अन गोठ्यात शेण आहे तिथं खरबरीत फरशी नाहीतर राखड टाका, अर्धा इलाज तोच.

पऱ्हाटीवाला · रात्री 9:05

तुम्हा सगळ्याइचे उपकार. आईले छबाईचं सांगितलं, चिठ्ठीचंही सांगितलं, थे म्हणे म्हणजे आम्ही खरडून ठेवलं अन तू गारा तुडवाले आलाच नाई असं झालं तं. बरोबर समजलं तिले. गोठ्यात आजच राख टाकली.

एकच राहिलं, तारीख चुकली तं काय? कारण खरं सांगू का, दुसऱ्या इंजेक्शनची तारीख पोळ्याच्या तोंडावर येते, तवा पैसाही नसते अन गाडीही नसते. मी मनात म्हणत होतो का दिवाळीत सोयाबीन निघालं का घेऊ.

वाशिमचा_पोट्टा_पुण्यात · रात्री 9:22

नाही भाऊ, दिवाळी बिलकुल नाही. हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि आम्ही उंदरं-कोंबड्या करत बसलो.

इंजेक्शन किल्ली धरून ठेवते, हाडात बसून राहत नाही. सहा महिन्यानंतर औषध रक्तातून उतरलं की सगळ्या किल्ल्या एकदम मोकळ्या होतात. आणि खाणाऱ्यांची लेकरं तोपर्यंत मेलेली नसतात, तुंबलेली असतात. 2021 मधे जिवंत उंदराच्या हाडात सूक्ष्मदर्शकानं पाहिलं, खाणारी मोठी पेशी नेहमी मरतच नाही, फुटून बारक्या पेशी होते आणि त्या पुन्हा जुळून मोठी होऊ शकते, आणि रँक-एल अडवलं की या बारक्या साचत जातात. धरणाचं दार उघडल्यासारखं होते मग. माणसात हे दिसलेलं आहे, इंजेक्शन सोडून दिल्यावर मिळवलेली घनता वर्षा-दोन वर्षात जाते आणि काहींचे तर एकापेक्षा जास्त मणके एकदम दबतात. हाडात चिकटून राहणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात, त्या बंद केल्या तरी काही काळ असर राहते. याचं तसं नाही. बंद करायचंच असेल तर डॉक्टर आधी दुसरं औषध सुरू करून देतात, आपल्या मनानं थांबायचं नाही. चार-आठ दिवस इकडं-तिकडं चालते का हे त्यांनाच फोन करून विचार, आणि जायच्या आधी रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगितलंय का तेही. दात काढायचा असेल तर तेही आधीच सांग.

नलू_आशाताई · रात्री 9:40

भाऊ पैशाचं म्हणाल तं आधी सरकारी दवाखान्यात समाजसेवा कक्षात विचारा, औषध तिथं मिळते का, किंवा गोळीचा पर्याय चालते का. डॉक्टरले मोकळं सांगा का आमच्याच्यानं एवढं होते. लाजू नका, सांगत नाई म्हणून चुकते लोकाइचे.

पऱ्हाटीवाला · रात्री 9:58

बरं झालं इचारलं मी. उद्याच फोन करतो. तारीख पाहिली कॅलेंडरवर, तान्ह्या पोळ्याच्या आगल्या आठवड्यात येते, आईनं गोल केला त्यावर लाल पेननं. फक्त त्या दिवसात आमच्या गावाची गाडी कवा येईन कवा नाई.

बंडू_अकोट · रात्री 10:11

मी अकोटचा असलो तरी साळा आर्वीत आहे, पोळ्याले दरसाल येतो चारचाकी घेऊन. दोन दिवस आधी येतो मंग. आर्वीच्या स्टँडवर सकाळी आठले उभे राहा, आईले समोरच्या सीटवर बसवू, मागं खड्डे लय लागते.

पऱ्हाटीवाला · रात्री 10:14

आठ नाई, साडेसात. धार काढून निघते थे.